विष्णु दिगंबरांचे व्यवहारशिक्षण

'गवयाला व्यवहार कळत नाही' हे वाक्य आपल्याकडे तक्रारीच्या सुरात क्वचितच ऐकू येते. बहुतेक वेळा ते कौतुक असते. बालगंधर्वांच्या चरित्रांत अत्तरांचे, भरजरी शालूंचे आणि कर्जाचे उल्लेख जवळजवळ एकाच भक्तिभावाने येतात, आणि कर्ज हाही जणू कलेचा एक अलंकार आहे असे वाचकाला वाटू लागते. हीच दृष्टी पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या वाट्यालाही आली. त्यांच्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबईतील वास्तू कर्जापायी गेली आणि ते रामनामाकडे वळले, एवढ्या दोन वाक्यांत त्यांच्या उत्तरायुष्याचा निकाल लावला जातो. पहिल्या वाक्याचे दुःख दुसऱ्या वाक्यातल्या संतत्वात विरघळून जाते. संगीतावर पोट भरण्याची विद्या शिकवता येते असे मानून ती प्रत्यक्ष शिकवायला बसलेला बहुधा पहिला मराठी गवई हाच, ही गोष्ट मात्र त्यात हरवते.

१८७२ साली कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे डोळे लहानपणी फटाक्याच्या दारूने दुखावले. उपचारासाठी मिरजेला गेलेला मुलगा तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. संस्थानाचा आश्रय होता, गुरू थोर होते. उणे होते ते वेगळेच. गावातील एका समारंभाचे निमंत्रण आपल्याला आले आणि गुरूंना आले नाही, कारण ते 'केवळ गवई', ही हकीकत त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितलेली असते. तिचा अर्थ सहसा मानापमानाच्या अंगाने लावतात. मला ती अर्थशास्त्राची हकीकत वाटते. ज्याच्या उत्पन्नाचा उगम एकाच दरबारात आहे, त्याची प्रतिष्ठाही त्याच दरबाराच्या मर्जीवर असते, हे त्या तरुणाला तिथे उमगले असावे. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

पुढची पाचएक वर्षे सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब अशी भ्रमंती झाली. तिला तीर्थयात्रा म्हणण्यापेक्षा बाजारपेठेची पाहणी म्हटल्यास बुवांच्या भक्तांनी रागावू नये. याच प्रवासात सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. नाटकाला तिकीट असणे तोवर आपल्या अंगवळणी पडले होते. १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणाऱ्या किर्लोस्कर मंडळीपासून संगीत नाटकांची तिजोरी तिकिटावरच चालत होती. पण नुसत्या गाण्याला तिकीट? ख्याल ऐकायला दारात पैसे मोजायचे, ही कल्पना त्या काळी उद्धटच वाटली असणार.

तिकिटाने काय काय बदलले ते सावकाश पाहण्यासारखे आहे. दरबारी गवई यजमानाला ओळखतो. त्याची आवड, त्याची झोप, त्याचा रुसवा त्याला ठाऊक असतो. तिकीट काढून आलेला श्रोता अनोळखी असतो, आणि त्याच्या हातात छापील वेळ असते. मग मैफल वेळेवर सुरू करावी लागते. राग किती वेळ मांडायचा याला मर्यादा येते, आणि शेवटी भजन ठेवावे लागते, कारण मागच्या रांगेतल्या माणसानेही पैसे दिलेले असतात. पोशाख नीटनेटका लागतो, व्यसन लपवून भागत नाही. गवई व्यसनी आणि बेभरवशाचा असतो ही समजूत मोडून काढणे ही विष्णु दिगंबरांची नैतिक मोहीम होती असे आपण म्हणतो. ती तशी होतीच. पण ज्या मध्यमवर्गाने आपल्या मुली गाणे शिकायला पाठवाव्यात अशी अपेक्षा होती, त्याचा विश्वास कमावण्याचा तो एकमेव मार्गही होता.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. संगीतशाळा याआधीही होत्या. पुण्याचा गायन समाज १८७४ मधला, तर बडोद्यात मौलाबक्षांच्या शाळेमागे गायकवाड सरकार उभे होते. लाहोरच्या शाळेमागे कोणतेही संस्थान नव्हते. विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर तिचा गाडा चालायचा होता. आरंभी काही दिवस तर विद्यार्थीच फिरकले नाहीत आणि बुवा रिकाम्या शाळेत तानपुरा घेऊन बसत, असे सांगतात.

या शाळेत कोणते राग कोणत्या क्रमाने शिकवले, यावर बरेच लिहिले गेले आहे. मला तिथल्या दुसऱ्या अभ्यासक्रमाविषयी बोलायचे आहे, जो कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता. शिक्षक तयार करण्यासाठी 'उपदेशक' वर्ग होता. त्यात मुलांना नऊ वर्षांच्या कराराने घेत. राहणे, जेवण आणि शिक्षण शाळेचे. गुरुकुलच ते, पण तोंडी गंडाबंधनाऐवजी कागदावर सही आणि मुदत! शाळेचा स्वतःचा छापखाना होता, वाद्ये बनवण्याची आणि दुरुस्त करण्याची व्यवस्था होती, 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिक होते. मुले गुरूच्या जलशांबरोबर गावोगाव फिरत. सभागृह ठरवणे, जाहिरात वाटणे, श्रोत्यांना बसवणे, साथ करणे आणि दुसऱ्या दिवशी गावातील प्रतिष्ठितांना भेटून वर्गणीचा विषय काढणे हा सारा खटाटोप त्यांनी जवळून पाहिला. दुसऱ्या गावी शाखा काढायची तर काय लागते, हे त्यांना कुणी व्याख्यान देऊन सांगण्याची गरज उरली नाही.

छापखान्याची गोष्ट विशेष आहे. विष्णु दिगंबरांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली होती. ती सूक्ष्म होती, आणि साध्या छापखान्याला न झेपणारी होती. म्हणजे पद्धतीमुळे छापखाना आला, छापखान्यामुळे क्रमिक पुस्तके आली ('संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश' यांची माला त्यातलीच), आणि पुस्तकांमुळे ती वापरणारे शिक्षक व विद्यार्थी लागले. हे चक्र फिरत राहिले तोवर ठीक होते. शेवटी भातखंड्यांची सोपी पद्धती अधिक पसरली. त्याची कारणे केवळ संगीतशास्त्रीय नाहीत. कोणत्याही छापखान्यात जुळवता येणारी आणि शिक्षकाला लवकर कळणारी गोष्ट स्वस्त पडते.

'तानसेन घडवता आले नाहीत तरी कानसेन घडवू' अशा आशयाचे त्यांचे एक म्हणणे नेहमी सांगितले जाते, आणि ते विनयाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मला त्यात विनयापेक्षा हिशेब अधिक दिसतो. तानसेन एक निघाला तर त्याला ऐकायला कोण येणार? जाणता, तिकीट काढणारा, मुलीला हार्मोनियम घेऊन देणारा श्रोता आधी तयार व्हायला हवा.

इतके सारे कळणाऱ्या माणसाचे दिवाळे का निघाले? १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली, तीही कर्ज काढून. इथे शिकवणीतले भोक दिसते. जलशाचे उत्पन्न अनियमित; ते गळ्यावर, हवामानावर, गावच्या मर्जीवर अवलंबून. कर्जाचे व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला नियमित येते. अनियमित मिळकतीवर नियमित देणे उभे केले की गवयाला सतत दौऱ्यावर राहावे लागते, आणि तो दौऱ्यावर असला की शाळा पोरकी होते. शिवाय संस्था आणि व्यक्ती यांच्यात भिंत नव्हती. शाळेचे देणे ते बुवांचे देणे, बुवांचा गळा हेच शाळेचे तारण. १९२० नंतरच्या काही वर्षांत वास्तू लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनामाच्या आश्रमात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले. भातखंड्यांशी तुलना इथे टाळता येत नाही. ते वकील होते, संगीत हे त्यांच्या पोटाचे साधन नव्हते; आणि ग्वाल्हेर असो वा १९२६ मधले लखनौचे मॅरिस कॉलेज, इमारतीचा भार त्यांनी संस्थानिकांच्या आणि सरकारच्या खांद्यावर ठेवला. त्यांचा मार्ग शहाणपणाचा होता यात शंका नाही. पण पोटासाठी गाणाऱ्या माणसाला तो अनुकरण करण्याजोगा नव्हता.

ज्यांना तो अनुकरणीय नव्हता त्या शिष्यांनी काय केले, हे या इतिहासाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रकरण आहे. गुरूंच्या निधनाच्या वर्षीच, १९३१ मध्ये, ते अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. एक मोठी वास्तू आणि एक मोठा गवई ही जुनी रचना त्यांनी पुन्हा उभी केली नाही. प्रत्येकाने आपापल्या गावी आपापल्या ऐपतीची शाळा चालवावी, अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र सामाईक असाव्यात, अशी ती मांडणी होती. एक शाळा बुडाली तरी बाकीच्या तरतात. परीक्षेची फी ही थोडी, पण दरसाल येणारी रक्कम. ती कुणाच्या गळ्यावर अवलंबून नसते.

बी. आर. देवधरांची मुंबईतील शाळा १९२५ पासून चालूच होती. नारायणराव व्यासांनी ध्वनिमुद्रिकांतून नाव मिळवले आणि शिकवणेही सोडले नाही. विनायकराव पटवर्धनांचे उदाहरण तर मुद्दाम रचावे असे आहे. सुमारे दहा वर्षे ते गंधर्व नाटक मंडळीत गायकनट होते. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत निघालेल्या त्या कंपनीतून दोन्ही भागीदार विनायकराव येण्याआधीच बाहेर पडले होते, आणि कर्जाचा बोजा कंपनीवर बसलेला होता. एकीकडे गुरूचे गांधर्व महाविद्यालय लिलावाकडे जाताना, दुसरीकडे बालगंधर्वांची कंपनी देणेकऱ्यांच्या तावडीत, अशी दोन्ही दृश्ये एकाच माणसाने एकाच दशकात पाहिली. १९३२ च्या मे महिन्यात त्यांनी पुण्यात स्वतःचे गांधर्व महाविद्यालय काढले. त्यानंतर ते मैफली गात राहिले, 'राग विज्ञान'चे भाग एकामागून एक लिहीत राहिले, आणि शाळा त्यांच्या मागेही चालू राहिली.