ग्रोसवर मोजलेलं काम

माझी आजी परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिला पगाराची तारीख होती, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियनची पावती होती. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांत एक कामगार बाई असे. आजीच्या वेळेपर्यंत हे प्रमाण पुष्कळ घसरलं होतं. माझ्या आईला यातलं काहीच मिळालं नाही. तास मात्र तिने आजीपेक्षा जास्तच भरले.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यात वडीलही होते. पुढे परळची पागडीची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो. मिठागरांच्या या गावात तेव्हा स्टीलच्या भांड्यांचे, इमिटेशन ज्वेलरीचे गाळे उभे राहत होते.

गाळ्यातून माल घरी यायचा. मोती ओवायचे, कड्या जोडायच्या, झुमक्यांना हूक लावायचे. 144 नगांचा एक ग्रोस, आणि पैसे ग्रोसवर. नग खराब निघाला की पैसे कापले जात. लाइट गेली तर आई दाराशी उजेडात बसे, आणि शाळेतून आल्यावर आम्ही मुलंही. आमचे हात त्या हिशेबात कुठेच नव्हते.

1991 साली मुंबईच्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, आणि जुलैमध्ये बहुतेक उद्योगांसाठी परवान्याची अट रद्द झाली. धंदा वाढला, पण कामगार गाळ्यात वाढले नाहीत. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं झाली की तेव्हा कारखाना कायदा लागायचा. काम घरोघर वाटलं की तो प्रश्नच उरत नसे.

5 मे 1992 ला चर्चगेट–बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली. ऑफिसला जाणारी बाई सगळ्यांना दिसू लागली, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण आमच्या चाळीतल्या बायका कुठे जातच नव्हत्या. जनगणनेवाला आला की आई 'घरकाम' एवढंच सांगायची.

घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये 177 क्रमांकाचा करार केला. त्यामागे इला भट्ट यांच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेचा मोठा रेटा होता. तरी भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ती द्यावी, आणि प्रत्येक गाळ्यात एक वही असावी: कोणत्या बाईकडे किती ग्रोस गेले, आणि कोणत्या दराने.