वेगळ्या बिऱ्हाडाचा पाहुणचार

एकोणिसाव्या शतकातील मराठी एकत्र कुटुंबात पाहुण्यांची उठबस ही क्वचितच एखाद्या तरुण जोडप्याची स्वतंत्र जबाबदारी असे. लहान वयात लग्न होऊन आलेली मुलगी सासूच्या आणि थोरल्या जावांच्या हाताखाली पाणी ठेवणे, पाट मांडणे, पंगतीत वाढणे ही कामे वर्षानुवर्षे करीत राही, आणि घराचे यजमानपण तिच्याकडे येई तेव्हा ते तिच्या अंगवळणी पडून जुने झालेले असे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला आणि भाज्या उजव्या बाजूला, हा क्रम पुष्कळ घरांत कोणी मुद्दाम शिकवीत नसे. तो पाहून पाहून कळे.

ही व्यवस्था मोडली ती नोकरीने. मुंबईत गिरण्या, कचेऱ्या आणि रेल्वे यांच्यामागे आलेल्या कुटुंबांनी चाळीत बिऱ्हाड थाटले, म्हणजे भाड्याच्या खोलीत वडिलांपासून वेगळा संसार मांडला. १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली साधारण १६० चौरस फुटांची होती, आणि एवढ्या जागेत गावाकडून आलेल्या पाहुण्याची जेवणाची व झोपण्याची सोय करायची, तीही विचारायला घरात वडीलधारे कोणी नसताना, हा प्रसंग नव्या गृहिणीला अवघड वाटला तर तो तिचा कमकुवतपणा मानता येत नाही. जिथे ती शिकली असती ते घर एकीकडे राहिले होते आणि पाहुणा दुसरीकडे येत होता.

ही उणीव छापील पुस्तकांनी काही अंशी भरून काढली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्येच छापले गेले होते, आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले. धुरंधरांच्या पुस्तकाचे नावच सांगते की घरात जे सासूने सांगायचे ते आता पुस्तकातील मैत्रिणीने सांगायचे होते. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरात हाताशी असलेली मापे वापरली, ‘अंदाजाने मीठ’ या सूचनेचा उपयोग ज्याला अंदाज आहे त्यालाच होतो, हे त्यामागचे साधे पण नेमके निरीक्षण होते. ‘रुचिरा’च्या घराघरांतील लोकप्रियतेचे मोठे श्रेय या मापांना द्यावे लागेल.

चहानेही हा भार हलका केला. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवून त्यातून चहाच्या प्रसाराचा खर्च भागवण्याची तरतूद झाली, आणि पुढच्या काही दशकांत गूळपाण्याच्या जागी चहाचा कप आला. जेवणाची पंगत न मांडताही पाहुण्याचा मान राखता येऊ लागला, ही अननुभवी यजमानांना मिळालेली मोठीच सवलत होती.

एक गोष्ट मात्र या साऱ्या इतिहासात तशीच राहिली. ‘सूपशास्त्र’ पुरुषाने लिहिले खरे. पण पाहुणचाराची तयारी हा नव्या संसारातील पुरुषाच्याही शिक्षणाचा भाग असावा, ही कल्पना त्या काळच्या घराला फारशी शिवली नाही, आणि चाळीतल्या खोलीत पाहुणा आला की न जमण्याची लाज बहुधा एकट्या बाईच्याच वाट्याला आली.