बालशिक्षिकेचा पेशा

दिल्लीतील एखाद्या वस्तीत अंगणवाडीचा पत्ता विचारला, तर उत्तर हिंदीत मिळते. पण तो शब्द तेथे पोचला तो आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीच्या किनाऱ्यावरून. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेथे ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभिले. वाडीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शब्दाचा जन्म असा साधा आहे.

हे काम करणाऱ्या स्त्रिया त्याकडे वळल्या तरी कशा? ताराबाई पदवीधर होत्या; राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख होत्या. ते पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. पदवीधर स्त्रीने अक्षरओळखही नसलेल्या मुलांत जाऊन बसावे, ही त्या काळच्या लोकांना पायरी उतरल्यासारखीच वाटली असणार. अनुताई वाघ यांची वाट याहून बिकट होती. तेराव्या वर्षी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी आणि ती सांभाळून घेतलेले शिक्षण. एवढ्या कष्टाने मिळविलेले स्थैर्य सोडून त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिल्या. दोघींनीही मिळकतीकडे पाठ फिरविली. पण ती आपल्या इच्छेने.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. अंगणवाडी हा शब्द तिने उचलला, आणि माझ्या मते त्याबरोबर त्यागही गृहीत धरला. सेविकेने मुलांना शिकवावे, आहार द्यावा, वजने घ्यावीत, लसीकरणाची आठवण ठेवावी, नोंदवह्या भराव्यात. परंतु तिला शिक्षिका म्हणावयाचे नाही. ती मानसेवी. तिला वेतन नव्हे, मानधन.

दिल्लीत हा भेद फार जवळून दिसतो. पूर्वप्राथमिक अध्यापनाची पदविका घेतलेल्या मुलीचे लक्ष असते सरकारी शाळेतील शिशुवर्गाच्या सहायक शिक्षिकेच्या पदावर. त्याला वेतनश्रेणी आहे. शेजारच्या गल्लीतील अंगणवाडीतही साधारण त्याच वयाची मुले असतात, पण तेथे वेतनश्रेणी नाही. पद न मिळालेली मुलगी पुढे वरच्या वर्गांकडे वळते किंवा निराळेच काम धरते. तिला लहान मुलांचा कंटाळा आला, असे खुशाल म्हटले जाते!

३१ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीतील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या. तेव्हा सेविकेचे मानधन महिना ९,६७८ रुपये होते, मदतनिसाचे ४,८३९. संप चालू असतानाच शासनाने, भत्त्यांसह, १२,७२० आणि ६,८१० रुपयांपर्यंत वाढ जाहीर केली. तरी संप मिटला नाही. मार्चमध्ये अत्यावश्यक सेवांचा कायदा लागू झाला आणि शेकडो जणींना कामावरून कमी करण्यात आले. ज्यांना कामगार मानले नव्हते, त्यांचे काम मात्र असे एका दिवसात अत्यावश्यक ठरले.

त्याच वर्षी २५ एप्रिलला, गुजरातमधील सेविकांच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीतील स्त्रियांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. निकालात त्यांच्या मोबदल्याला वेतनच मानले आहे. शासकीय आदेशांत मात्र शब्द अजून मानधन हाच आहे.