धुळीलाही तारीख असते

दिवाळीत ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांमधून मुले मातीचे किल्ले करतात. त्यांत दोन गोष्टी हमखास आढळतात. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि तट एकाच रंगाने सरसकट रंगवलेला असतो. पहिली चूक प्रमाणाची. ती शिक्षकांच्या चटकन लक्षात येते. दुसरी चूक काळाची, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. कल्याणचा दुर्गाडी करायचा, तर तो कोणत्या सालचा? १६५७ मध्ये कल्याण शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले, त्यानंतरच्या वर्षांतला, की आज खाडीकाठी अवशेषरूपाने उरलेला? दोन्ही खरे आहेत. पण एकाच तटावर दोन्ही दाखवता येत नाहीत.

लष्करी वाहनांच्या प्रतिकृती करणाऱ्यांनाही हा प्रश्न बऱ्याच उशिरा पडला. १८९३ पासून इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यात आतून पोकळ असे शिशाचे सैनिक तयार होऊ लागले. त्यांचा रंग चकचकीत असे, कारण ते खेळणेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन हे प्लॅस्टिक स्वस्त झाले आणि साच्यातून काढलेले सुटे भाग जोडून प्रतिकृती करण्याचा छंद पसरला. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या टामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याची विजेवर चालणारी प्रतिकृती काढली. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तिचा आकार ठरवला गेला आणि मोजून पाहता तो मूळ रणगाड्याच्या सुमारे १/३५ भरला. लष्करी वाहनांसाठी पुढे जगभर रूढ झालेले हे प्रमाण असे बॅटरीच्या सोयीने जन्माला आले.

१/३५ म्हणजे किती, हे गणिताच्या तासालाही शिकवता येईल. डोंबिवलीच्या घरडा सर्कलला टी-५५ जातीचा रणगाडा ठेवलेला आहे. तोफेसह या रणगाड्याची लांबी सुमारे ९ मीटर असते आणि वजन ३६ टन. प्रतिकृतीची लांबी भरेल जेमतेम २६ सेंटिमीटर. वजन मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते. ३५ चा घन ४२,८७५. म्हणजे ही प्रतिकृती मूळच्याच धातूंची आणि हुबेहूब केली, तरी तिचे वजन ८४० ग्रॅमच्या आसपास येईल.

आकार अचूक झाला, तरी प्रतिकृती खेळण्यासारखीच दिसत होती. १९७०च्या दशकात अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि बेल्जियममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्या कामामुळे प्रतिकृतीवर धूळ, चिखल आणि गंज दाखवण्याच्या पद्धती लोकप्रिय झाल्या. इंग्रजीत याला ‘वेदरिंग’ म्हणतात. खडकांच्या बाबतीत आपल्या भूगोलाच्या पुस्तकात यालाच ‘विदारण’ म्हटले आहे. पातळ केलेला गडद रंग सोडला की तो केशाकर्षणाने सांधीकोपऱ्यांत जाऊन बसतो. त्याला ‘वॉश’ म्हणतात. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग फक्त उंचवट्यांना लावणे म्हणजे ‘ड्राय ब्रश’. आता निसर्गात काय घडते ते पाहा. गढूळ पाणी खाचांत साठते आणि घर्षणाने झिजतात त्या कडा. म्हणजे या दोन पद्धतींत नुसत्या दिसण्याची नव्हे, तर कारणांची नक्कल आहे.

कारण ठाऊक नसेल, तर चूक होते. गंजासाठी लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन ही तिन्ही लागतात. म्हणून लाकडी फळी किंवा चाकावरचे रबर तांबूस रंगवण्यात अर्थ नाही. एक्झॉस्टचा नळा तापतो, त्याचा रंग जळतो आणि तेथे गंज लवकर चढतो. रणगाड्याच्या साखळीचा जमिनीवर घासणारा भाग मात्र चालत्या गाडीत पोलादासारखा चकाकतो. गाडी पावसात चार दिवस उभी राहिली की तोही तांबूस होतो. एवढ्याशा रंगावरून गाडी चालती होती की पडून होती, हे ओळखता येते.

मूळ रंगाचीही अशीच गोष्ट आहे. ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन याने ‘गाइड्स’ हे दल उभारले आणि त्यातून हा मातकट गणवेश पुढे पसरला. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने वाहनांसाठी गडद पिवळा हा मूळ रंग ठरवला. त्यावर देण्याचे तांबूस-तपकिरी आणि हिरवे रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना पुरवले जात. ते पेट्रोलने किंवा पाण्याने पातळ करून सैनिकच लावत. साहजिकच एका गाडीसारखी दुसरी दिसत नसे.

आता आपल्याच परिसरातले उदाहरण घेऊ. आज जेथे उल्हासनगर आहे, तेथे दुसऱ्या महायुद्धात ‘कल्याण कॅम्प’ ही लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. समजा, या छावणीतला १९४४ चा एखादा ट्रक करायचा आहे. मग महिना कोणता? एप्रिलमध्ये टपावर आणि बॉनेटवर धुळीचा सुका थर असेल. जुलैमध्ये टप धुऊन निघालेला आणि चाकांच्या वर ओल्या चिखलाचे फटकारे असतील. ट्रक तोच, रंगही तोच. बदलला तो पाऊस.

धुळीसाठी वाळू वापरू नये. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण १/३५ प्रमाणात सुपारीएवढा दगड होतो. गाळलेली खडूची पूड आणि गेरू पुरे. गेरूचा तांबडा रंग फेरिक ऑक्साइडचा आहे, आणि गंज म्हणजे पाण्याचा अंश असलेली लोहाची ऑक्साइडेच. आपल्या डोंगरांतल्या बेसॉल्टचे विदारण होऊन जी तांबडी माती होते, तिचा रंगही लोहाचाच. तुळशीवृंदावनाला लावतात तोच गेरू गंज दाखवायला चालतो, तो यामुळे.

शाळेच्या प्रदर्शनातली प्रतिकृती मुले पुरावा म्हणून पाहतात. रणगाडा चकचकीत असला, तर युद्ध हा खेळ वाटतो. शोभेसाठी गंज माखला, तर कारखान्यातून नुकतीच निघालेली गाडीही भंगार ठरते. म्हणून प्रतिकृतीखालच्या चिठ्ठीवर नावाबरोबर स्थळ, महिना आणि साल लिहायला सांगावे, आणि प्रत्येक डागाचे कारण विचारावे.

त्याची तयारी जूनमध्येच करता येईल. पत्र्याचे दोन रंगवलेले तुकडे घ्या. प्रत्येकावर खिळ्याने खोल ओरखडा काढा आणि रंगाखालचे लोखंड उघडे करा. एक तुकडा उभा टांगा, दुसरा आडवा ठेवा. दोन्ही पावसात राहू द्या. गंज प्रथम कधी दिसला, त्याचे ओघळ कोणत्या दिशेला गेले, कोठे थांबले, याची दर आठवड्याला तारखेसह नोंद करा. सप्टेंबरपर्यंत ही वही भरेल, आणि दिवाळीच्या किल्ल्याचा तट रंगवताना मुलांना ती उघडता येईल.