एबीजीचे रिपोर्ट दोन, अ‍ॅपमध्ये चौकट एक: कोणता आकडा टाकायचा?

कुर्ल्यातला पेशंट सायनच्या किंवा राजावाडीच्या आयसीयूत गेला की फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचे फोटो यायला लागतात. त्यात एबीजी असतो, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. ती दिवसात दोन-तीनदाही होते. मग कुणीतरी आजाराची तीव्रता मोजणारं अ‍ॅप उघडतं आणि तिथे ऑक्सिजनसाठी चौकट एकच!

१९८५ च्या अपाची-२ स्कोअरचा नियम: आयसीयूतल्या पहिल्या २४ तासांतला सर्वांत वाईट आकडा घ्या. १९९६ चा मूळ सोफा स्कोअर रोज काढतात, त्या त्या दिवसाच्या वाईट आकड्यावरून. पण ‘वाईट’ म्हणजे कोणता?

समजा, सकाळी साध्या हवेवर (ऑक्सिजन २१ टक्के) पीएओ२ ५८ आला. रात्री व्हेंटिलेटरवर ६० टक्के ऑक्सिजन देऊन तो ९० आला, पीएसीओ२ ४०. दिसायला रात्रीचा रिपोर्ट चांगला. सोफा मात्र पीएओ२ भागिले दिलेला ऑक्सिजन असा हिशेब करतो: सकाळी ५८ ÷ ०.२१ = २७६, म्हणजे २ गुण; रात्री ९० ÷ ०.६ = १५०, म्हणजे ३ गुण. सोफासाठी रात्रीचा रिपोर्ट वाईट.

अपाची-२ मध्ये उलटं होतं. ऑक्सिजन ५० टक्क्यांहून कमी असेल तर तो थेट पीएओ२ बघतो: ५८ ला ३ गुण. ५० किंवा जास्त असेल तर फुप्फुसातल्या आणि रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबातला फरक बघतो. रात्री तो साधारण २८८ येतो (मुंबईत हवेचा दाब ७६० धरायला हरकत नाही), म्हणजे २ गुण. इथे सकाळचा रिपोर्ट घ्यायचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळचा ५८ आणि रात्रीचे ६० टक्के एकत्र टाकणं. उत्तर ९७, सोफाचे थेट ४ गुण! असा पेशंट त्या दिवशी कोणत्याच क्षणी नव्हता. दोन्ही आकडे एकाच नमुन्यातले हवेत. रिपोर्टवर ‘व्हीनस’ लिहिलं असेल तर तो शिरेतल्या रक्ताचा. त्यातला ऑक्सिजनचा आकडा इथे चालत नाही.

भारतातल्या १२४ आयसीयूंमधल्या ४,२०९ पेशंटच्या ‘इंडिकॅप्स’ पाहणीत सरासरी अपाची-२ स्कोअर १७.४ होता. स्कोअरचं खरं काम हेच, गटांची तुलना. अ‍ॅप दाखवतं ती मृत्यूची टक्केवारीसुद्धा गटाचीच असते, तुमच्या आजोबांची नाही. त्यापेक्षा ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारा: ऑक्सिजन कालच्यापेक्षा कमी लागतोय का?