शिंक, हसू आणि 1948 साल

आजचा विषय बोलायला जरा अवघड आहे. मी कोड लिहिणारी मुलगी, डॉक्टर नाही. पण वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या बोटीत बसणं आईने का सोडलं, हे मला दोन वर्षांनी कळलं. शिंकलं, हसलं की तिला थोडी लघवी व्हायची. "या वयात व्हायचंच गं," म्हणाली. खरंच?

चला, 1948 सालात जाऊ. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी त्या वर्षी एक निबंध छापला. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती मूत्राशय आणि गर्भाशय तोलून धरते. बाळंतपणात ती सैल पडते. केगल म्हणाले, दंड कमावता येतात तसे हे स्नायूही कमावता येतात. त्यांनी पेरिनियोमीटर नावाचं यंत्र केलं: योनीत ठेवायचा रबरी भाग आणि बाहेर दाब दाखवणारा काटा. स्नायू बरोबर आवळले की काटा हलायचा. आमच्या भाषेत फीडबॅक लूप! पुढे व्यायाम जगभर गेला, काटा मात्र मागे राहिला. म्हणून आज कितीतरी जणी चुकून पोट, नाहीतर मांड्या आवळतात.

आता मुंबई. गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर इथेच काम करत होते. गर्भपात टाळणारा त्यांचा टाका 1955 सालचा. 'अंग बाहेर येणं' यावरही त्यांनी शस्त्रक्रिया बसवली. त्याच दशकात केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे ज्ञान दाराशी होतं. मग आईपर्यंत का नाही पोचलं?

उत्तराचा धागा गडचिरोलीत सापडतो. 1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. कोणी विचारलंच नव्हतं!

2018 च्या कॉक्रेन आढाव्यात, खोकताना-शिंकताना लघवी होणाऱ्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या 56 टक्के जणींनी 'बरी झाले' असं सांगितलं; व्यायाम न करणाऱ्यांत 6 टक्के.

आई आता फिजिओथेरपिस्टकडे जाते. पहिल्या दिवशी कळलं, इतके दिवस ती व्हिडिओ बघून खाली जोर देत होती, आवळायचं सोडून. मागच्या रविवारी बोटीत बसलो. हसली, मोठ्याने.

तुमच्या आईला, मावशीला एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात!