रात्रीची नांगरट आणि ट्रॅक्टरचा दिवा

बैल असो वा घोडा, दिवसभराच्या कष्टानंतर त्याला दाणावैरण आणि विसावा द्यावाच लागतो, आणि त्यामुळे शतकानुशतके नांगरटीची वेळ जितकी सूर्याने तितकीच जनावराच्या दमाने ठरत आली. ट्रॅक्टरला दम लागत नव्हता. परंतु त्याच्या प्रारंभीच्या निर्मात्यांनी त्याला डोळे मात्र दिले नव्हते, आणि ही उणीव पहिल्या महायुद्धाने प्रकर्षाने उघड केली.

फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अनिर्बंध संहार आरंभला, तेव्हा परदेशी गव्हावर जगणाऱ्या इंग्लंडपुढे अन्नाचा प्रश्न उभा ठाकला. घोडे आणि गडी तर रणभूमीवर गेलेले. अशा समयी सरकारने हेन्री फोर्डकडे ६,००० फोर्डसन ट्रॅक्टरांची मागणी नोंदविली. सरकारी पैशाने आणलेले यंत्र सूर्यास्तानंतर बांधावर उभे ठेवणे परवडणारे नव्हते. परंतु फोर्डसनला बॅटरीच नव्हती. त्याच्या चक्रातील मॅग्नेटो ठिणगीपुरती वीज उत्पन्न करी, आणि अशा मॅग्नेटोवर दिवा लावला तर काय होते, हे फोर्डच्याच मॉडेल टी मोटारीचे मालक जाणून होते: यंत्राचा वेग उतरला की प्रकाशही उतरे. म्हणून आधार राहिला तो कार्बाइडच्या दिव्याचा. वरच्या कप्प्यातील पाणी थेंबाथेंबाने खालच्या कार्बाइडच्या खड्यांवर पडावे, त्यातून ॲसिटिलिन वायू निघावा आणि बारीक छिद्राशी शुभ्र ज्योत तेवावी, अशी त्याची रचना; मात्र लोखंडी दातेरी चाकांच्या हादऱ्यांनी पाण्याचा थेंब अनियमित होई, छिद्र काजळीने बुजे, आणि नांगऱ्याला मध्येच उतरून ते तारेने साफ करावे लागे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मोटारीचा दिवा रस्ता दाखविण्यासाठी असतो. शेतातले काम मात्र चालकाच्या पाठीमागे चाललेले असते. उजवे चाक आधीच्या तासात ठेवून यंत्र पुढे जाते खरे, परंतु फाळ किती खोल शिरला, माती नीट उलथली की नाही, धसकटे अडकली काय, हे मान मागे वळविल्यावाचून कळत नाही. ज्या कोणा अनामिक नांगऱ्याने पहिल्याने दिव्याचे तोंड मागे फिरविले, त्याने ट्रॅक्टरला खऱ्या अर्थाने शेतीचे अवजार केले, असे मी मानतो.

दुसऱ्या महायुद्धात हीच कहाणी अधिक कठोर रूपाने पुन्हा घडली. मे १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने मोडलेल्या कुरणामागे एकरी २ पौंड अनुदान जाहीर केले. सप्टेंबरात युद्ध पेटले आणि सर्वत्र अंधारबंदीचा अंमल सुरू झाला. एकीकडे अधिक नांगरण्याचा तगादा, दुसरीकडे उजेड न दाखविण्याचा हुकूम. या पेचातून वाट काढीत झाकलेल्या दिव्यांच्या मिणमिणत्या प्रकाशात, प्रसंगी केवळ चांदण्यात, नांगर चालले.

बॅटरी, डायनॅमो आणि विजेवर सुरू होणारे यंत्र यांसह फोर्ड-फर्ग्युसनचा ९एन ट्रॅक्टर १९३९ च्याच जूनमध्ये अमेरिकेत अवतरला होता, आणि दिवे वेगळे पैसे देऊन बसविता येत. पण युद्धकाळातील टंचाईमुळे त्याच्या पुढच्या २एन नमुन्यातील कित्येक यंत्रे बॅटरीवाचून, पुन्हा मॅग्नेटोवर निघाली.

आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या सहकार्यातून ट्रॅक्टरनिर्मितीची कंपनी उभी राहिली, आणि कांदिवलीत ब्रिटिश आराखड्याचा बी-२७५ तयार होऊ लागला. काळ्या जमिनीचा वापसा फार दिवस टिकत नाही आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी साऱ्या गावाची रांग लागते, त्यामुळे रात्रीचा फेरा महाराष्ट्रात अपरिहार्यच होता. मडगार्डवर पाठीमागे तोंड करून बसविलेला प्लाऊ लॅम्प एकटा अपुरा वाटला की तालुक्याच्या गॅरेजात आणखी दोन हॅलोजन चढविले जात. ५५ वॉटचा एक दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर घेतो. दोन दिव्यांचे नऊ होतात, आणि जुन्या स्विचला तेवढा भार झेपत नाही. जाणता वायरमन म्हणून स्विचमधून थेट तार न नेता बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे नेतो, आणि अर्थिंगचा बोल्ट कसण्यापूर्वी मडगार्डचा रंग खरवडून लखलखीत लोखंड उघडे करतो. ते केले नाही, तर नवाकोरा दिवाही पिवळट जळतो.